बेसबॉल, २३ सप्टेंबर १९०८ : मर्कलने दुसऱ्या बेसला पाय लावला नाही, पण त्या वेळी बघत कोण होतं?

गुणलेखक (धागाकर्ता)

बेसबॉलचा विषय निघाला की कुणीतरी "मर्कलचा बोनर" (मर्कलची घोडचूक) असं म्हणतं आणि विषय तिथेच संपतो. पोरगं मूर्ख होतं, बेस विसरलं, न्यूयॉर्कची पेनंट (लीगचं विजेतेपद) गेली, झालं. त्या दिवशी नेमकं काय घडलं, कोणत्या नियमाने घडलं आणि हाच नियम तीन आठवड्यांपूर्वी का लागला नव्हता, हे एका ठिकाणी असावं म्हणून हा धागा.

सामना न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर, जायंट्स विरुद्ध शिकागो कब्स. पिचर (चेंडू फेकणारे) जायंट्सचा ख्रिस्टी मॅथ्यूसन आणि कब्सचा जॅक फिस्टर. नॅशनल लीगमध्ये जायंट्स, कब्स आणि पिट्सबर्ग पायरेट्स असे तिघे एकमेकांच्या उरावर बसलेले. जायंट्सचा नेहमीचा पहिला बेसमन फ्रेड टेनी पाठ धरल्यामुळे बाहेर, म्हणून १९ वर्षांचा फ्रेड मर्कल सुरुवातीपासून मैदानात.

पाचव्या इनिंगमध्ये (डावात) कब्सच्या जो टिंकरचा फटका उजव्या बाजूला माइक डॉनलिनला चुकवून लांब गेला आणि टिंकर चारही बेस धावून आला. कुंपणापलीकडे चेंडू न जाता झालेला होमरन. सहाव्यात जायंट्सच्या हर्झोगने धाव करून १-१ केले. त्यानंतर थेट नववी इनिंग, खालचा अर्धा भाग, म्हणजे जायंट्सची फलंदाजी :

सीमोरने कब्सचा दुसरा बेसमन एव्हर्स याच्याकडे ग्राउंडर (जमिनीवरून जाणारा फटका) मारला, आउट. डेव्हलिनचा सिंगल (एका बेसचा फटका). मॅककॉर्मिकनेही एव्हर्सकडेच मारला, एव्हर्सने दुसऱ्या बेसवर डेव्हलिनला काढलं, मॅककॉर्मिक पहिल्यावर सुखरूप. दोन आउट. मर्कलने उजवीकडे सिंगल मारला, मॅककॉर्मिक तिसऱ्यावर. मर्कल पहिल्यावरच थांबला, आणि इथे ते बरोबरच होतं. तिसऱ्यावर विजयी धाव उभी असताना दुसऱ्या बेसचा लोभ धरून तिसरा आउट कोण देईल?

मग अल ब्रिडवेलने सेंटरला खणखणीत सिंगल मारला. मॅककॉर्मिक होमवर (चौथ्या, शेवटच्या बेसवर) आला. प्रेक्षक मैदानात घुसले, आणि मर्कल अर्ध्या वाटेवरून वळून सेंटरफील्डकडच्या क्लबहाउसच्या दिशेने धावत सुटला.

इथपर्यंत वाद नाही. पुढचं प्रतिसादांत येऊ द्या.

---

तिरपा चेंडू

धागा वाचनखूण म्हणून साठवला. एक शंका. मॅककॉर्मिक आधी होमवर पोचला होता ना? मग मर्कल नंतर आउट झाला तरी धाव मोजायला हवी. क्रिकेटमध्ये दुसरी धाव घेताना गडी धावचीत झाला तर पहिली धाव जात नाही.

---

नियमपुस्तक

तिरपा चेंडू, इथेच क्रिकेटचा चष्मा काढून ठेवावा लागतो. १९०८ च्या पुस्तकातला ५९ वा नियम असा : तीन आउट होण्याआधी धावपटूने पहिले तीन बेस रीतसर स्पर्शून होम गाठलं की एक धाव. मात्र ज्या खेळात तिसरा माणूस 'फोर्स आउट' झाला, किंवा पहिल्या बेसला पोचण्याआधी बाद झाला, त्याच खेळात होम गाठलं असेल तर ती धाव धरायची नाही.

म्हणजे कोण आधी पोचलं याला फोर्स आउटमध्ये काडीची किंमत नाही. मॅककॉर्मिक दहा सेकंद आधी पोचला असता तरी तेच.

फोर्स म्हणजे काय ते पायरीपायरीने :

१. बॅटरने मैदानात चेंडू मारला की तो स्वतः धावपटू होतो आणि पहिल्या बेसवर त्याचा हक्क.
२. एका बेसवर दोघे राहू शकत नाहीत, म्हणून पहिल्यावर जो उभा होता (मर्कल) त्याने दुसऱ्यावर जायलाच हवं. ही सक्ती.
३. दुसरा बेस रिकामा होता, त्यामुळे साखळी तिथेच तुटली. तिसऱ्यावरच्या मॅककॉर्मिकवर सक्ती नव्हती, तो आपखुशीने पळाला.
४. सक्ती असलेल्या धावपटूला चेंडू टेकवावा लागत नाही. चेंडू हातात घट्ट धरून क्षेत्ररक्षकाने बेसला पाय लावला की काम झालं.
५. मर्कल दुसऱ्यावर पोचला, किंवा ब्रिडवेल पहिल्याच्या अलीकडे बाद झाला, तरच ही सक्ती संपते.

समजा मर्कल दुसऱ्या बेसला पाय लावून पुढे तिसऱ्याकडे पळाला असता आणि तिथे चेंडू टेकवून आउट झाला असता. तेव्हा मात्र वेळ बघतात : मॅककॉर्मिक आधी पोचला असेल तर धाव धरायची. तुमचा क्रिकेटचा न्याय या दुसऱ्या प्रकाराला लागू पडतो, पहिल्याला नाही.

---

डावखुरा पिचर

वर कुणी लिहायच्या आधीच सांगतो : एव्हर्सने 'अपील' केलं आणि म्हणून आउट मिळाला, हे चूक आहे. अपील तेव्हा लागतं, जेव्हा धावपटू बेस न स्पर्शता पुढे निघून गेलेला असतो. मर्कल दुसऱ्यापर्यंत आलाच नव्हता. हा साधा फोर्स आउट, रोज प्रत्येक सामन्यात होतो तसला. फरक इतकाच की तो हजारो माणसांच्या गर्दीत झाला.

---

उजवं_मैदान

"झाला" कसं म्हणता? चेंडू कुठे होता ते आधी सांगा!

---

गुणलेखक

सांगतो, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

सेंटरफील्डर सॉली हॉफमनने चेंडू आत फेकला तो एव्हर्सच्या आवाक्याबाहेर गेला. जायंट्सचा पिचर जो मॅकगिनिटी त्या दिवशी खेळत नव्हता, तिसऱ्या बेसपाशी कोचिंगला उभा होता. एव्हर्सच्या मनात काय आहे हे त्याच्या लक्षात आलं, त्याने झटापट करून चेंडू पकडला आणि गर्दीत भिरकावला. मग फ्लॉइड क्रोह नावाच्या कब्सच्या राखीव पिचरने प्रेक्षकांतून चेंडू परत मिळवला, तो एव्हर्सच्या हातात आला आणि एव्हर्स दुसऱ्या बेसवर उभा राहिला. हा तोच चेंडू होता की बाकावरच्या पिशवीतला दुसरा, यावर दोन्ही संघ मरेपर्यंत भांडले.

---

नियमपुस्तक

मॅकगिनिटीचा मुद्दा नेहमी किस्सा म्हणून सांगतात, पण कायद्याच्या दृष्टीने जायंट्सची सर्वात भक्कम बाजू तीच होती, आणि ती त्यांनी हवी तशी लावून धरली नाही असं माझं मत.

त्या काळी 'ब्लॉक बॉल' असा प्रकार होता. सामन्यात नसलेल्या माणसाने चेंडू अडवला किंवा हाताळला की अंपायरने 'ब्लॉक' पुकारायचा. त्यानंतर चेंडू पिचरकडे परत जाऊन त्याने आपल्या जागी उभं राहून तो हातात धरेपर्यंत कुणालाही आउट करता येत नाही. चेंडू गर्दीत गेला, म्हणजे प्रेक्षकाच्या हातात गेला, म्हणजे ब्लॉक. फिस्टरने आपल्या जागी उभं राहून चेंडू धरला असं कुणीच म्हणत नाही. क्रोह स्वतः सामन्यात नव्हताच, त्यामुळे त्याचा हात लागला तोही ब्लॉक. या वाटेने गेलं तर एव्हर्सचा आउट बाद ठरतो.

उलट बाजू अशी : चेंडू गर्दीत गेला तो जायंट्सच्याच माणसामुळे. स्वतःच्या कोचने क्षेत्ररक्षणात ढवळाढवळ करायची आणि वर त्याचाच फायदा मागायचा, हे कुठल्या खेळात चालतं? अंपायरांनी ब्लॉक पुकारला नव्हता. न पुकारलेल्या ब्लॉकवर निकाल फिरवणं लीगच्या अध्यक्षाला अवघड होतं.

---

तिरपा चेंडू

कळलं. मग अंपायरांनी मर्कलला पाहिलं की नाही? शीर्षकातला प्रश्न तसाच राहिलाय.

---

चौथा_पंच

यासाठी आधी ४ सप्टेंबरला जावं लागेल. पिट्सबर्ग, एक्स्पोझिशन पार्क, कब्स विरुद्ध पायरेट्स. दहावी इनिंग, ०-०, दोन आउट, बेस भरलेले. ओवेन विल्सनचा सिंगल, फ्रेड क्लार्क होमवर, सामना संपला. पहिल्यावरचा वॉरन गिल दुसऱ्याला न शिवता वळून निघून गेला. एव्हर्सने चेंडू मागवला, दुसऱ्या बेसवर उभा राहिला आणि अंपायर हँक ओडेला हाक मारली. ओडे म्हणाला, मी पाहिलं नाही.

तो खोटं बोलत नव्हता. त्या दिवशी तो एकटाच होता. दोन अंपायर देण्याची पद्धत तेव्हा सर्रास नव्हती. विजयी धाव येत असताना एकट्या अंपायरला काय बघायचं असतं? फटका मैदानात पडला का. धावपटूने होमला पाय लावला का. बॅटर पहिल्यावर पोचला का. तिघं तीन दिशांना. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाणाऱ्याकडे बघायला चौथा डोळा लागतो, आणि तो त्याच्याकडे नव्हता. म्हणूनच धावपटूंनी अर्ध्यातून वळायचा रिवाज पडला होता. कुणी बघत नाही, कुणी विचारत नाही, आणि प्रेक्षक अंगावर यायच्या आत क्लबहाउस गाठायचं असतं.

कब्सने तक्रार केली. लीगचे अध्यक्ष हॅरी पुलियम यांनी ती फेटाळली, पण ओडेच्या डोक्यात ती बसली.

२३ तारखेला पोलो ग्राउंड्सवर तोच ओडे होमच्या मागे होता, आणि या वेळी बेसवर दुसरा अंपायर होता, बॉब एम्सली. हा फरक जमेला धरा. पण ब्रिडवेलचा फटका नेमका एम्सलीच्या अंगावर आला, तो चुकवताना एम्सली खाली पडला. उठून त्याने ब्रिडवेल पहिल्यावर पोचतो का ते पाहिलं. मर्कल त्याच्या नजरेतून सुटला. त्याने ओडेला विचारलं, ओडे म्हणाला की मर्कल दुसऱ्यावर गेला नाही, त्यावर एम्सलीने मर्कलला आउट दिलं आणि ओडेने धाव रद्द केली.

म्हणजे उत्तर असं : ज्याचं काम होतं त्याने पाहिलं नाही. ज्याचं नव्हतं, त्याने पाहिलं, कारण १९ दिवसांपूर्वी त्याला एव्हर्सने तिथे बघायला शिकवलं होतं.

---

उजवं_मैदान

हे पटलं. पण मग मर्कलला दोष द्यायचाच नाही का? जायंट्सकडे मॅग्रॉसारखा मॅनेजर, मॅथ्यूसनसारखा जुना माणूस, आणि पिट्सबर्गची बातमी सगळीकडे छापून आलेली. एकाने तरी पोराला सांगायचं होतं ना.

---

चौथा_पंच

तेच तर. दोष वाटायचाच असेल तर जॉन मॅग्रॉच्या वाट्याला जास्त जातो. खेळाडूला दर सामन्यात वर्तमानपत्र वाचून यायला सांगत नाहीत, मॅनेजरला सांगतात. मॅग्रॉने मात्र मर्कलला कधी दोष दिला नाही, संघातच ठेवला, ही त्याची बाजूही लिहायला हवी.

---

फुलटॉस

रात्री दिवे लावून दहावी इनिंग खेळवायची होती, इतका गोंधळ कशाला 😀

---

गुणलेखक

फुलटॉस, मेजर लीगमध्ये दिव्यांखाली पहिला सामना १९३५ साली सिनसिनाटीला झाला. १९०८ मध्ये सप्टेंबरअखेर न्यूयॉर्कला सहाच्या आत सूर्य बुडत होता आणि सामने दुपारनंतर सुरू व्हायचे. मैदानात हजारो लोक, ओडेभोवती घोळका, उजेड उतरलेला. ओडेने अंधारामुळे सामना बरोबरीत संपल्याचं जाहीर केलं.

इथे कब्सची एक मागणी अनेकांना ठाऊक नसते. मैदान मोकळं ठेवणं ही यजमान संघाची जबाबदारी. ते वेळेत मोकळं झालं नाही तर पाहुण्यांना ९-० असा सामना बहाल करता येत असे. कर्णधार-मॅनेजर फ्रँक चान्सने तो हक्क सांगितला. जायंट्स म्हणत होते आम्ही २-१ जिंकलो, कब्स म्हणत होते आम्ही ९-० जिंकलो, आणि नोंदीत राहिलं १-१.

---

डावखुरा पिचर

त्या काळच्या चेंडूबद्दल थोडं लिहितो, नाहीतर दोन्ही संघांची एकेकच धाव का, हे नव्या वाचकांना कळणार नाही.

वजन ५ ते सव्वापाच औंस (साधारण १४२ ते १४९ ग्रॅम), घेर ९ ते सव्वानऊ इंच. हे आजही तेच आहे. आत मात्र रबरी गाभा, त्यावर लोकरीचा दोरा गुंडाळलेला, वर घोड्याचं कातडं. कॉर्कचा गाभा १९१० च्या सुमारास आला, तोवर चेंडू बॅटवरून तितका उसळत नसे. त्यात एकच चेंडू शक्य तितका चालवायचा. प्रेक्षकांत गेला तर परत मागायचा. थुंकी, चिखल, तंबाखू यांनी तो काळपट आणि मऊ व्हायचा. संध्याकाळच्या उजेडात काळा चेंडू बॅटरला दिसायचाच उशिरा.

पिचरपासून होम ६० फूट ६ इंच, बेस ९० फुटांवर, हेही आजचंच. पण नॅशनल लीगमध्ये १९०१ पासून पहिले दोन फाउल (रेषेबाहेर गेलेले फटके) स्ट्राइक धरले जाऊ लागले (तीन स्ट्राइक झाले की बॅटर आउट). त्याआधी चांगला बॅटर फाउल मारत मारत पिचरला दमवायचा, ती सोय गेली.

परिणाम बघा : १९०८ मध्ये नॅशनल लीगचा सर्वाधिक होमरन मारणारा ब्रुकलिनचा टिम जॉर्डन, त्याचे मोसमभरात १२. अशा खेळात एक धाव म्हणजे ऐवज. बंट (बॅट नुसती टेकवून मारलेला हलका फटका), चोरी (फटक्याविना पळून पुढचा बेस गाठणं), सॅक्रिफाइस (स्वतः आउट होऊन धावपटूला पुढे सरकवणं) यांनी ती एकेक बेस पुढे ढकलत आणायची. म्हणून एव्हर्ससारखा माणूस नियमपुस्तक उशाशी घेऊन झोपायचा म्हणतात, ते उगीच नाही.

(विषयांतर : जायंट्सचा कॅचर रॉजर ब्रेस्नाहान याने आदल्याच वर्षी, १९०७ ला, पायाला नडगीरक्षक बांधून खेळायला सुरुवात केली होती. लोक हसले होते.)

---

तिरपा चेंडू

मग पेनंटचा हिशेब कसा लागला? एका बरोबरीने एवढं काय बिघडलं?

---

गुणलेखक

पुलियमने ओडेचा निर्णय कायम ठेवला. अपील लीगच्या संचालक मंडळाकडे गेलं. पायरेट्स आणि कब्सच्या मालकांचा निकालात स्वार्थ होता, म्हणून निर्णय बोस्टनचे डोव्ही, सिनसिनाटीचे हेरमन आणि ब्रुकलिनचे एबेट्स यांनी दिला. निर्णय : बरोबरीच. गरज पडली तर ८ ऑक्टोबरला पोलो ग्राउंड्सवर पुन्हा सामना.

गरज पडली. ७ ऑक्टोबरला दोघांचेही ९८ विजय, ५५ पराभव. मॅककॉर्मिकची ती धाव धरली असती तर जायंट्स ९९-५५, कब्स ९८-५६, आणि ८ तारखेचा सामनाच नाही.

८ तारखेला पहिल्याच इनिंगमध्ये फिस्टर गडगडला. चान्सने त्याला काढून मॉर्डेकाय 'थ्री फिंगर' ब्राउनला आणलं. तिसऱ्या इनिंगमध्ये टिंकरने मॅथ्यूसनला सीमोरच्या डोक्यावरून तीन बेसचा फटका मारला आणि कब्सच्या चार धावा झाल्या. सातव्यात जायंट्सचे बेस भरले, एकही आउट नाही, आणि मिळाली एकच धाव. ४-२. अखेरचा तक्ता : कब्स ९९-५५, जायंट्स आणि पायरेट्स दोघेही ९८-५६. कब्सने पुढे डेट्रॉइटला हरवून वर्ल्ड सिरीज घेतली, आणि त्यानंतरची घ्यायला त्यांना २०१६ उजाडलं.

---

उजवं_मैदान

आणि कोव्हलेस्की? त्याचं नाव या हिशेबात कुणीच घेत नाही. फिलाडेल्फियाचा नवखा हॅरी कोव्हलेस्की. २९ सप्टेंबर, १ ऑक्टोबर, ३ ऑक्टोबर, पाच दिवसांत तीनदा जायंट्सला हरवलं. यातला एक जरी सामना जिंकला असता तर ८ तारखेला पुन्हा खेळावंच लागलं नसतं. पण तीन पराभवांना टोपणनाव देता येत नाही, एका पोराला देता येतं. 'बोनहेड', म्हणजे डोक्याच्या जागी नुसतं हाड.

---

नियमपुस्तक

+१. शिवाय मर्कल पुढे १९२६ पर्यंत मेजर लीगमध्ये दिसतो. १९११, १२, १३ ला जायंट्सबरोबर, १९१६ ला ब्रुकलिनबरोबर, १९१८ ला चक्क कब्सबरोबर वर्ल्ड सिरीज खेळला. पाचही हरला, ते वेगळं. बिनडोक माणसाला इतके संघ इतकी वर्षं पहिल्या बेसवर उभं करत नाहीत.

---

फुलटॉस

क्रिकेटमध्ये असं काही झालंय का? जिंकून झाल्यावर कागदावर धाव न मिळणं वगैरे?

---

चौथा_पंच

सेहवाग आठवा. १६ ऑगस्ट २०१०, दांबुला, श्रीलंकेविरुद्ध. धावसंख्या समान, सेहवाग ९९ वर. सूरज रणदिवने नो-बॉल टाकला, त्यावर सेहवागने षटकार मारला. नो-बॉलची एक धाव मिळाली तिथेच सामना संपला, म्हणून षटकार धरला नाही आणि शतक हुकलं. प्रश्न तोच : सामना नेमका कोणत्या क्षणी संपतो? क्रिकेटच्या नियमात तो क्षण धाव होताच येतो. बेसबॉलमध्ये फोर्स शिल्लक असेल तर होमला पाय लागल्यावरही येत नाही. प्रेक्षक आत आले, खेळाडू टोप्या उडवू लागले, तरी चेंडू जिवंतच.

बेसबॉलमधलं उलट उदाहरण हवं तर १७ ऑक्टोबर १९९९, मेट्स विरुद्ध अटलांटा, १५ वी इनिंग, बेस भरलेले. रॉबिन व्हेंचुराने चेंडू कुंपणाबाहेर मारला, पण पहिल्या बेसनंतर सहकाऱ्यांनीच त्याला मिठी मारून अडवलं. त्याने पहिला बेस स्पर्शला होता, विजयाची एक धाव आली होती. चार धावांचा होमरन कागदावर सिंगल झाला, सामना ४-३ ने मेट्सचा.

---

तिरपा चेंडू

शेवटचा प्रश्न, गुणलेखकांना. स्कोअरशीटवर तो चेंडू लिहायचा कसा?

---

गुणलेखक

आजच्या पद्धतीने सांगतो. क्षेत्ररक्षकांचे आकडे ठरलेले : पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, डावं मैदान ७, सेंटर ८, उजवं ९.

ब्रिडवेलच्या चौकटीत सिंगल लिहायचा नाही. फटका कितीही स्वच्छ असला तरी त्यावर पुढचा धावपटू फोर्स आउट झाला की बॅटरला हिट मिळत नाही. तिथे 'फोर्स' लिहायचं. बिचाऱ्या ब्रिडवेलने मोसमातला सर्वात गाजलेला फटका मारला आणि त्याच्या खात्यात शून्य.

मर्कलच्या चौकटीत पहिला बेस भरायचा, पुढे ८-४, आउट क्रमांक ३. मॅककॉर्मिकची रेघ तिसऱ्या बेसवर थांबवायची, होमपर्यंत न्यायची नाही. पेनाने आधीच नेली असेल तर खोडावी लागेल, म्हणून शेवटच्या इनिंगमध्ये पेन्सिल वापरावी.

पिचरांच्या खात्यात जय-पराजय कुणालाच नाही, बाकीचे आकडे मात्र धरायचे. मॅथ्यूसनचा १९०८ चा हिशेब ३७ विजय, ११ पराभव असा आहे. ही धाव धरली असती तर ३८ वा विजय, आणि ८ तारखेचा पराभव झालाच नसता, म्हणजे ३८-१०.

८ आणि ४ यांच्यामध्ये क्रोह बसवता येत नाही. तो सामन्यात खेळत नव्हता, त्याला आकडाच नाही.

---

नियमपुस्तक

आणि मॅकगिनिटीलाही नाही.